थ्रॉम्बिन आणि घोणशीचं विष

सातारा-सांगलीकडं उसाच्या फडात घोणस चावली, की दवाखान्यात २ मिली रक्त कोऱ्या काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवतात. मग नळी तिरकी करायची. रक्त पातळच राहिलं, तर प्रतिविष लगेच सुरू!

आता गंमत बघा. हे विष रक्त गोठवणारी साखळीच पेटवतं. थ्रॉम्बिन हे विकर, म्हणजे एन्झाइम, भराभर तयार होतं आणि फायब्रिनोजेनचे धागे करत सुटतं. फायब्रिनोजेन संपलं, की गोठायला कच्चा मालच उरत नाही. मोठ्या प्रयोगशाळेत प्लाझ्मात बाहेरून थ्रॉम्बिन घालून गुठळीचे सेकंद मोजतात. फायब्रिनोजेन कमी, तर वेळ जास्त.

नळी प्लास्टिकची नको. काचेमुळं गोठण्याला चालना मिळते. साबणाचा अंश राहिला, तरी निकाल फसतो. आणि पहिल्यांदा रक्त गोठलं, तरी चाचणी पुन्हा करतातच.