सायकलीच्या फिक्या टायरांची स्वच्छता

सायकलीचा टायर काळाच असावयाचा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः रबर स्वभावतः काळें नाहीं. डनलॉप यांनीं १८८८ सालीं बेलफास्ट येथें हवा भरलेला टायर पुढें आणला, त्यानंतरचे पुष्कळसे टायर फिक्या रंगाचेच असत. विसाव्या शतकाच्या आरंभीं रबरांत काजळी मिसळली असतां तें अधिक चिवट होतें असें आढळलें, आणि टायर काळे झाले. ही काजळी सूर्याचे अतिनील किरणही शोषून घेते. पांढऱ्या वा बदामी बाजूच्या टायरांत त्या भागाला हें कवच नसतें. शिवाय तेथें रबराचा थर पातळ असतो, व त्याखालींच हवेचा दाब सोसणारें धाग्यांचें अस्तर असतें. तेव्हां श्रोत्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, डागापेक्षां डाग काढण्याच्या घाईनेंच टायर अधिक बिघडतो.

साखळी साफ करण्याचें घासलेट टायरला लावूं नये. तें मुरून रबर फुगतें व मऊ पडतें. ब्लीचिंग पावडरीनें रबर व सुती धागा दोन्हीं कमजोर होतात. तारेच्या घासणीनें थर झिजून धागे उघडे पडतात. चकाकीसाठीं तेल लावणें तर धोक्याचें. तें रिमवर ओघळल्यास ब्रेक लागत नाहीं.

योग्य रीत साधी आहे. प्रथम ओल्या फडक्यानें धूळ पुसावी, कारण धुळीसकट घासल्यास ओरखडे पडतात. मग कोमट पाण्यांत थोडा सौम्य साबण कालवून, दांत घासण्याच्या मऊ ब्रशानें वीत-वीतभर भाग हलक्या हातानें चोळावा. लगेच स्वच्छ ओल्या फडक्यानें साबण काढून टायर सावलींत वाळवावा. सुती धाग्यांच्या टायरवर पाण्याची धार सोडूं नये. ओल राहिल्यास धागा कुजतो. ब्रेकच्या रबराची काळी रेघ उरल्यास ती पेन्सिल खोडण्याच्या मऊ रबरानें खोडावी.

इतक्यानेंही पिवळेपणा गेला नाहीं, तर तो मळ नसून उन्हानें व हवेंतील ओझोन वायूनें पालटलेला रबराचाच रंग होय. तो घासण्याचा हट्ट धरूं नये. त्याऐवजीं बाजू उजेडांत निरखावी. भेगांतून धागे दिसत असल्यास, अगर कोठें फुगवटा आला असल्यास टायर त्वरित बदलावा. असा टायर भर उतारावर फुटला, तर स्वाराच्या जिवावर बेतूं शकतें.