डिझेल गाडी सुरू होत नाही : डिझेल नेमकं कुठं अडलंय?

पहाटेची वेळ आहे. टेम्पोत भाजी भरलेली आहे, उजाडायच्या आत मार्केट यार्डात पोहोचायचंय, आणि गाडी सुरू होत नाही. ड्रायव्हर काय करतो? बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारत राहतो. मग कुणीतरी येऊन सांगतं, 'पंप गेला.' मला आज एवढंच सांगायचंय, की पंप खोलायच्या आधी डिझेल कुठं अडलंय ते शोधा.

पहिली गोष्ट, इंजिन जोरात फिरतंय का? डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा दाबली की ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पेट घेतो. इंजिन हळू फिरलं तर हवा पुरेशी तापतच नाही. म्हणजे दोष बॅटरीचा, आणि आपण डिझेल लाइन खोलून बसतो!

दुसरी गोष्ट, सेल्फ मारताना एक माणूस सायलेन्सरपाशी उभा करा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत पोहोचतंय, पण जळत नाही. मग हीटर प्लग, कॉम्प्रेशन, टायमिंग बघा. धूर अजिबात नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत गेलेलंच नाही. आता टाकीपासून पुढे चालत यायचं.

टाकीत डिझेल खरंच आहे का? काट्यावर विश्वास ठेवू नका. मग फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी जड असतं, ते तळाशी बसतं. पावसाळ्यात हा दोष फार दिसतो.

त्यानंतर हवा. आमच्याकडे एक टेम्पो ओढून आणला होता. मालकाला पंपाचा मोठा खर्च सांगितलेला होता. आम्ही फिल्टरच्या अलीकडे पारदर्शक नळीचा तुकडा जोडला, तर डिझेलबरोबर बुडबुडे! टाकीकडून येणारी रबरी नळी क्लिपखाली चिरली होती. नळी बदलली, हँड प्रायमर मारून हवा काढली, गाडी सुरू. मालक म्हणाला, 'पण डिझेल कुठं गळत नव्हतं हो!' बरोबर आहे. त्या बाजूला पंप डिझेल ओढत असतो, त्यामुळे चिरेतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. रात्रभर गाडी उभी राहिली की डिझेल मागं टाकीत उतरतं आणि सकाळी लाइन रिकामी. म्हणून जी गाडी दिवसा नीट चालते आणि सकाळीच त्रास देते, तिच्यात आधी हवा शोधा.

जुन्या रोटरी पंपाच्या गाडीत स्टॉप सोलेनॉइडही बघा. चावी फिरवल्यावर 'टक्' असा आवाज यायला हवा. वायर सुटलेली असली तरी डिझेल बंदच राहतं.

आता कॉमन रेल. इथं सेल्फ मारताना रेलमध्ये ठरावीक दाब तयार झाल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही. बऱ्याच गाड्यांत हा आकडा साधारण 200 बारच्या आसपास असतो. स्कॅनर लावून तो वाचा. दाब चढत नसेल आणि फिल्टरपर्यंत डिझेल नीट येत असेल, तर इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या वेगवेगळ्या बाटल्यांत सोडा. जी बाटली इतरांपेक्षा खूप लवकर भरते, तो इंजेक्टर दाब गमावतोय. इथपर्यंत सगळं ठीक निघालं तरच पंपाकडे वळा.

दोन गोष्टी मात्र कधीही करू नका. जुन्या गाडीसारखा इंजेक्टरचा पाइप सैल करून कॉमन रेलची हवा काढू नका. तो फवारा कातडीतून आत शिरतो, जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमवावा लागू शकतो. असं झालंच तर थांबू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. आणि कोरड्या लाइनवर सेल्फ मारत बसू नका. पंपाला वंगण डिझेलचंच असतं. तो कोरडा फिरला की धातूचा कीस सुटतो आणि थेट इंजेक्टरपर्यंत जातो. मग नळीच्या एका चिरेपायी सगळी सिस्टिम बदलायची वेळ येते.

तेव्हा सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये मिनिटभर थांबा, आणि त्या मिनिटात विचार करा : डिझेल कुठपर्यंत आलंय?