सुतळी, ओळंबा आणि मारुती ८००

अण्णांनी पुढच्या टायरच्या कडेवरून अंगठा फिरवला, वाकून नीट पाहिलं आणि एवढंच विचारलं, "ह्याच टायरवर आला का तू?"

बाहेरच्या कडेचं रबर संपून आतले धागे डोकावत होते. त्याच टायरवर मी कोइमतूरहून पुणे आणि दिवाळीला पुण्याहून जालना, राजूर करत पूर्णेकाठच्या आमच्या केदारखेड्यात पोचलो होतो. जवळजवळ दीड हजार किलोमीटर! अण्णा पुढे काही बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

झालं असं होतं, की हिंजवडीच्या क्युबिकलमध्ये वर्षभर घासल्यावर बोनस मिळाला आणि मी कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डे बुक केला. गाडी? अण्णांची जुनी मारुती ८००. हसू नका. हा ट्रॅक ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या करिवर्धन यांनी ८००चंच इंजिन घेऊन फॉर्म्युला मारुती ही स्वस्तातली रेसिंग कार बनवली होती. २००५मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला नारायण कार्तिकेयनही सुरुवातीला तीच चालवायचा. माझी गाडी अर्थात चार दारांची आणि कॅसेट प्लेअरवाली. पण वजन जेमतेम साडेसहाशे किलो आणि तेच तिचं भांडवल.

पहिल्या ट्रॅक डेला मात्र प्रत्येक वळणावर स्टिअरिंग फिरवायचो आणि गाडी नाकासमोर चालायची. टायर किंचाळत होते. मला वाटलं, मी शूमाकर झालो. प्रत्यक्षात ते बाहेरच्या कडेवर लोळत होते.

ऑफिसातल्या प्रत्येक गाडीतज्ज्ञाचा सल्ला एकच: "रुंद टायर टाक, १३ इंची अलॉय टाक." मीही जवळपास कार्ड स्वाइप केलंच होतं. मग कागद-पेन घेऊन बसलो. ८००चा मूळ टायर १४५/७० आर १२, म्हणजे उंची सुमारे ५०८ मिलिमीटर. १५५/६५ आर १३ घेतला तर ५३२. चाक पावणेपाच टक्के मोठं, म्हणजे प्रत्येक गिअर तेवढाच लांब. आधीच ८०० सीसीचं इंजिन, त्यात आपणच पिकअप मारायचा! शिवाय चाकं जड होतात. आणि हलक्या गाडीची सगळ्यात मोठी गोची म्हणजे तिच्या वजनाने जाड, कडक टायर पुरेसा गरमच होत नाही. गरम नाही तर पकड नाही.

उत्तर सापडलं टाटा नॅनोत. तिचा मागचा टायर १५५/६५ आर १२. उंची ५०६ मिलिमीटर, म्हणजे ८००पेक्षा फक्त दोनने कमी, आणि रुंदी १० मिलिमीटर जास्त. नॅनो २०१८मध्ये बंद झाली, त्यामुळे शोधावं लागतं. माझ्या रिमच्या रुंदीला तो चालतो का, हे टायरवाल्याकडून आधी तपासून घेतलं आणि मग साइडवॉलवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दुकानात पाच वर्षं पडून कडक झालेला टायर सेलमध्ये मिळाला तरी घेऊ नका.

आता अलाइनमेंट. पुण्यातल्या एका चकाचक सेंटरने मला सगळे आकडे हिरवे असलेला प्रिंटआउट दिला होता. आकडे खोटे नव्हते, पण ते रोजच्या रस्त्यासाठी आणि रिकाम्या गाडीचे होते. साडेसहाशे किलोच्या गाडीत ७० किलोचा मी बसलो, की वजन दहा टक्क्यांनी वाढतं, तेही एकाच बाजूला. एसयूव्हीला याचं फार काही वाटत नाही, ८००ला वाटतं.

ते अण्णांना सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हर सीटवर ४५ किलोची युरियाची गोणी आणि वर २५ किलो गहू. शेजारचे गवंडीमामा ओळंबा घेऊन हजर. पाण्याच्या नळीने अंगणाची लेव्हल काढली, एका चाकाखाली फरशी सरकवली. पुढच्या चाकांखाली दोन-दोन फरशा, मध्ये ग्रीस, म्हणजे चाक अडकून न राहता जागेवर फिरतं. ओळंबा रिमसमोर सोडला आणि वरचं-खालचं अंतर मोजलं. १२ इंची रिमला पाच-सहा मिलिमीटरचा फरक म्हणजे साधारण एक अंश कॅम्बर. आमचं एक चाक शून्यावर, दुसरं चक्क बाहेर झुकलेलं! वळणावर गाडी कलंडली, की ते आणखी बाहेर झुकणार आणि टायर कडेने खाणार.

८००ला कॅम्बरची सोय कंपनीने दिलेली नाही. स्ट्रटच्या दोन बोल्टांपैकी वरच्या जागी थोडा बारीक कॅम्बर बोल्ट टाकून चाक आत झुकवता येतं. मात्र बोल्ट योग्य ग्रेडचाच हवा, हार्डवेअरच्या दुकानात हाताला लागेल तो नको. आम्ही दोन्ही बाजूंना एक अंश आत घेतला. दीड मिळाला असता तर ट्रॅकवर आवडला असता, पण हमरस्त्यावर आतली कड झिजली असती.

टो नेहमी शेवटी, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच. दोन्ही बाजूंना समांतर सुतळ्या ताणून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेचं अंतर मोजायचं. पुढे चाकं जरा बाहेर बघत असली, की गाडी वळणात पटकन शिरते, पण हायवेवर भरकटते. म्हणून येता-जाता शून्य आणि ट्रॅकवर प्रत्येक चाकाला एक मिलिमीटर बाहेर. मागचा ॲक्सल एकसंध, तिथे फिरवायला काही नाही, पण तो सरळ आहे हे सुतळीने कळलं. मागची चाकं बाहेर बघत असती, तर ब्रेक मारताच गाडी गर्रकन फिरली असती. मी त्या दिवशी घरी पोचलो नसतो, हे अण्णांना मोजमाप न करताच कळलं होतं.

दुसऱ्या ट्रॅक डेला हवा गारेगार टायरमध्ये २६ पीएसआय भरली. टायरच्या कडेवर खडूच्या रेघा ओढल्या, चार लॅप मारल्या आणि आत आलो. खडू कडेच्या टोकापर्यंतच पुसला होता, खाली बाजूवर नाही. हवा तापून ३१ झाली होती, तीच ठेवली. लॅप तीन सेकंदांनी सुधारली. संध्याकाळी तिथेच पान्हा काढून टो शून्यावर आणला आणि दोन्ही पुढच्या टायरचे फोटो अण्णांना पाठवले.

दहा मिनिटांनी उत्तर आलं: "मागच्याचे बी पाठव."