वेण, कळ आणि टेन्स यंत्र

प्रसूतिवेदनेसाठी मराठीत दोन शब्द विशेष रूढ आहेत : वेण व कळ. पैकी ‘वेण’ हा संस्कृत ‘वेदना’चा प्राकृतातून आलेला तद्भव, त्याचा अर्थ संकोच पावून तो प्रसूतीपुरता, तोही बहुधा ‘वेणा’ या अनेकवचनात, उरला. अंग ‘दुखते’ ही स्थिती होय. कळ ‘येते’ आणि ओसरते, ही घटना होय.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. टेन्स यंत्राच्या पट्ट्या पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस चिकटवितात. त्वचेवरील सौम्य विद्युत्स्पंदने मज्जारज्जूत वेदनासंदेशाची वाट अडवितात, ही उपपत्ती मेल्झॅक व वॉल यांच्या १९६५ च्या द्वारनियंत्रण-सिद्धान्तावर आधारलेली आहे. २००९ च्या कॉक्रेन आढाव्यातील १९ अभ्यासांत वेदनेच्या मापात फारसा फरक दिसला नाही. तथापि बहुसंख्य स्त्रियांनी ते पुन्हा वापरण्याची तयारी दर्शविली. कळ उठताच स्पंदनांचा जोर स्त्रीने स्वतः वाढवावयाचा असतो. म्हणून सूचनेतील शब्द नेमका हवा. ‘दुखल्यावर कळ दाबा’ हे वाक्य दुहेरी सदोष ठरते, कारण ‘कळ’ म्हणजे यंत्राची खुंटीही. अमरावतीच्या वा अकोल्याच्या स्त्री-रुग्णालयासाठी सूचनापत्र लिहावयाचे झाल्यास ‘कळ येताच बटण दाबा’ हेच निःसंदिग्ध होय.