शरणपूरचे विद्यार्थी, रबाईची वस्ती

नाशिकचा शरणपूर रोड सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिथल्या शाळेतले विद्यार्थी आफ्रिकेतल्या खेड्यांत सेवेला गेले होते, हे नाशिककरांनाही फारसे ठाऊक नाही. 1854 मध्ये चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी शरणपूरला ख्रिस्ती वसाहत वसवली. पुढे काही वर्षांतच तिथे आफ्रिकी मुलांसाठी आश्रम निघाला. गुलामांनी भरलेली गलबते इंग्रजी आरमार समुद्रात पकडत असे. त्यांतून सुटलेली काही मुले मुंबईला उतरत आणि तिथून नाशिकला येत. कुणी न्यासा सरोवराकडचे, कुणी आणखी दूरचे. घर, गाव, आईबाप सगळे तुटलेले. नवी नावे मिशनऱ्यांनी दिली: विल्यम जोन्स, जेकब वेनराइट. शरणपुरात ही मुले इंग्रजी, बायबल, सुतारकी, लोहारकी शिकली.

यांतले जगाला माहीत आहेत ते आफ्रिकेचा शोध घेणाऱ्या लिव्हिंगस्टनबरोबर गेलेले. 1866 मध्ये मुंबईहून निघालेल्या त्याच्या शेवटच्या मोहिमेत नाशिकचे नऊ जण होते, आणखी काही जण 1872 मध्ये जाऊन मिळाले. 1873 मध्ये चितांबोच्या गावी तो वारला, तेव्हा वेनराइटने अंत्यविधीची प्रार्थना वाचली. मग हजार मैलांहून अधिक वाट तुडवून या सोबत्यांनी त्याचा देह समुद्रकिनारी पोहोचवला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाला वेनराइट हजर होता. हा प्रसंग पुष्कळांनी लिहिला आहे. मला त्याहून मोठी वाटते ती रबाईची कहाणी.

आजच्या केनियात, मोम्बासाच्या मागच्या टेकड्यांत, मिजिकेंदा लोकांच्या मुलखात, क्राप्फ आणि रेबमान या जर्मन मिशनऱ्यांनी 1846 मध्ये रबाईला ठाणे केले. अनेक वर्षे खपूनही तिथे माणसे फारशी जमली नव्हती. 1864 मध्ये जोन्स आणि इश्माएल सेमलर नाशिकहून तिथे गेले. रबाईच्या लोकांना तेही परकेच होते. मातृभूमीला परतले असे म्हणायला आफ्रिका काही एक गाव नव्हे. तिथली भाषा, तिथली शेती, तिथली मुरब्बी मंडळी, सगळ्यांशी त्यांना नव्याने जुळवून घ्यावे लागले.

इंग्रज आणि झांझिबारचा सुलतान यांच्यातल्या 1873 च्या तहाने झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. त्यामागे मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांची खटपट होती. 1875 मध्ये त्यांच्या नावाने मोम्बासासमोर फ्रिअरटाउन वसले. वसवणारे होते शरणपूरचेच प्राइस, आणि कामाला शरणपूरचेच जुने विद्यार्थी. पण तहाने समुद्रावरचा व्यापार रोखला. किनाऱ्यावरच्या मळ्यांतले गुलाम गुलामच राहिले. ते रात्री पळून रबाईला येऊ लागले. 1884 च्या सुमारास दुष्काळ पडला आणि भुकेली माणसेही आली.

पळालेल्याला आसरा देणे मिशनच्या धोरणात बसत नव्हते. मालक हत्यारे घेऊन येण्याच्या धमक्या देत, आणि इंग्रज अधिकाऱ्यांना सुलतानाशी बिघाड नको होता. गोरे मिशनरी तापाने आजारी पडत, बदलत, मायदेशी परतत. रोजचा कारभार जोन्ससारख्यांच्या हाती असे, आणि आलेल्याला ते परत पाठवीत नसत. ज्याने स्वतः गलबताचा तळ पाहिला आहे, तो दारात उभ्या माणसाला मालकाकडे जा कसे सांगेल? माझ्या मते रबाई वाढली ती या एका गोष्टीमुळे. प्रवचनांनी इतके झाले नसते.

1885 मध्ये जोन्स आणि सेमलर यांना पाळकवर्गात दीक्षा मिळाली. त्याच वर्षी मिशनचा बिशप हॅनिंग्टन आजच्या युगांडातल्या बुसोगात मारला गेला. त्याच्या तांड्यातली उरलेली माणसे जोन्सनेच रबाईला परत आणली. तरी गोऱ्या सहकाऱ्यांच्या बरोबरीचा मान या नाशिककरांना मिशनमध्ये कधी मिळाला नाही. कागदपत्रांत चाळिशी गाठलेले गृहस्थही ‘नाशिकची मुले’च राहिले. आज विद्यार्थ्यांचे गट सुटीत पंधरवड्यासाठी आफ्रिकी खेड्यांत जातात, शाळेची भिंत रंगवतात, परततात. त्यांचा हेतू मी खोटा म्हणत नाही. मात्र जाण्याआधी त्यांनी रबाईचा इतिहास वाचावा असे मला मनापासून वाटते.

1888 मध्ये मालकांनी एकदम ओरड केली आणि मिशनच्या वस्त्यांत आसरा घेतलेल्यांची मोजदाद झाली. भरले सुमारे 1400 लोक. ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचे जॉर्ज मॅकेंझी यांनी मालकांना भरपाई देऊन तंटा मिटवला, आणि 1 जानेवारी 1889 रोजी रबाईत मुक्तीचे कागद वाटले गेले. तेव्हा फ्रिअरटाउनला प्राइस पुन्हा आले होते. कंपनीची उदारता इंग्लंडमध्ये गाजली. ती माणसे तोवर जिवंत आणि एकत्र राहिली होती ती रबाईसारख्या वस्त्यांतल्या झोपड्यांत, शरणपुरात शिकलेल्यांच्या भरवशावर.