विश्लेषण : शंभर चौरस किलोमीटरच्या डिस्ने वर्ल्डमध्ये फिरायचे कसे? मोनोरेल, रोपवे, बस आणि बोटींचे गणित काय?

अमेरिकेत मुलाकडे किंवा लेकीकडे गेलेल्या मराठी आई-वडिलांच्या सहलीत फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डचे नाव हमखास असते. नातवंडांच्या हौसेखातर जायचे आणि बहुधा एकदाच जायचे, म्हणून तिकिटे, हॉटेल, राइडच्या वेळा सगळे महिनोन् महिने आधी ठरते. ठरत नाही ती एकच गोष्ट : आत फिरायचे कसे? तिथे मोनोरेल आहे, रोपवे आहे, बस आहे, बोटी आहेत आणि कशालाच तिकीट नाही. तरीही चुकीचे वाहन पकडल्याने दिवसातले दोन तास सहज जाऊ शकतात. या व्यवस्थेमागचे तर्कशास्त्र काय आहे आणि ते आधी कळले तर वेळ आणि गुडघे कसे वाचतात, याविषयी.

जागा नेमकी केवढी?

‘थीम पार्क’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक कमान, एक तिकीट खिडकी आणि आत पाळणे येतात. डिस्ने वर्ल्ड तसे नाही. ऑरलँडो शहराच्या नैऋत्येला सुमारे २५ हजार एकरांवर, म्हणजे साधारण १०० चौरस किलोमीटरवर ते पसरले आहे. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जवळपास तेवढेच आहे. या जागेत मॅजिक किंगडम (१९७१), एपकॉट (१९८२), हॉलीवूड स्टुडिओज (१९८९) आणि ॲनिमल किंगडम (१९९८) ही चार स्वतंत्र पार्क, दोन वॉटर पार्क, डिस्ने स्प्रिंग्ज हा खरेदी-खाण्याचा परिसर आणि वीसहून अधिक हॉटेले आहेत. एका पार्कातून दुसऱ्यात पायी जाणे बहुतेक वेळा अशक्य असते. म्हणजे हा तालुक्याएवढा नसला, तरी एका बऱ्यापैकी शहराएवढा पसारा आहे आणि त्याला शहरासारखीच वाहतूक लागते.

गाडी लावली, पण पार्क कुठे आहे?

मॅजिक किंगडमला स्वतःच्या गाडीने किंवा टूरच्या बसने पहिल्यांदा जाणाऱ्यांचा गोंधळ इथूनच सुरू होतो. वाहनतळावर उतरल्यावर समोर किल्ला दिसत नाही, तळे दिसते. या जागेचे नाव ट्रान्सपोर्टेशन अँड तिकीट सेंटर, थोडक्यात टीटीसी. पार्कचे प्रवेशद्वार तळ्याच्या पलीकडे आहे आणि तिथे जायला मोनोरेल किंवा फेरी बोट घ्यावी लागते. म्हणजे ‘पोहोचलो’ म्हणून गाडीतून उतरलेल्या माणसाचा आणखी एक प्रवास बाकी असतो. सकाळी रांग असेल तर यात अर्धा-पाऊण तास जातो.

ही चूक नव्हे, आखणीच तशी आहे. सेव्हन सीज लगून हे तळे माणसांनी खोदलेले आहे. त्यातून निघालेली माती पार्कच्या जागेवर पसरण्यात आली, कारण मॅजिक किंगडमखाली कर्मचाऱ्यांसाठी आणि सामानासाठी बोगद्यांसारखे मार्ग बांधायचे होते आणि फ्लोरिडात थोडे खणले की पाणी लागते. त्यामुळे ते मार्ग जमिनीच्या पातळीवर बांधून वर मातीचा भराव टाकण्यात आला. पर्यटक ज्या रस्त्यावरून चालतात, तो प्रत्यक्षात दुसरा मजला आहे. तळ्यामुळे आणखी एक गोष्ट साधली : गाड्यांचा समुद्र आणि परीकथेतला किल्ला एकमेकांना दिसत नाहीत.

यातला व्यवहार लक्षात ठेवण्यासारखा आहे. डिस्नेच्या हॉटेलांतून निघणाऱ्या बस टीटीसीला न थांबता थेट मॅजिक किंगडमच्या दाराशी सोडतात. साधी उबर किंवा टॅक्सी मात्र टीटीसीला उतरवते. चौघांसाठी वीसेक डॉलर टॅक्सीला मोजून फुकटच्या बसपेक्षा उशिरा पोहोचण्याचा प्रकार इथे घडू शकतो.

मोनोरेल कुठे जाते आणि कुठे जात नाही?

डिस्नेची मोनोरेल १९७१ मध्ये पार्कसोबतच सुरू झाली आणि १९८२ मध्ये एपकॉटपर्यंत वाढली. काँक्रीटच्या तुळईवर स्वार झाल्यासारखी बसून धावणारी ही गाडी मुंबईकरांना नवी नाही. २०१४ मध्ये चेंबूर ते वडाळा सुरू झालेली मोनोरेल याच पद्धतीची. योगायोगाने लांबीही जवळपास आहे. मुंबईचा मार्ग सुमारे २० किलोमीटरचा, तर डिस्नेची तुळई साडेतेवीस किलोमीटरची. फरक आहे तो कुठून कुठे जायचे याचा. डिस्नेची मोनोरेल प्रचंड वाहनतळ आणि पार्कचे दार यांना जोडते. तिच्या एका टोकाला रोज सकाळी हजारो माणसे उभी असतात आणि त्या सगळ्यांना दुसऱ्याच टोकाला जायचे असते. मुंबईच्या मोनोरेलला तसा प्रवासी कधी मिळालाच नाही.

पण डिस्नेतही ती सगळीकडे जात नाही. तिचे मार्ग तीन. एक्स्प्रेस मार्ग टीटीसी ते मॅजिक किंगडम थेट जातो. दुसरा टीटीसी ते एपकॉट. तिसरा रिसॉर्ट मार्ग टीटीसी, पॉलिनेशियन, ग्रँड फ्लोरिडियन, मॅजिक किंगडम, कन्टेम्पररी आणि पुन्हा टीटीसी असा तळ्याला वळसा घालतो. हॉलीवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम यांना मोनोरेल नाही. मॅजिक किंगडमहून एपकॉटला जायचे तर टीटीसीला उतरून गाडी बदलावी लागते.

रिसॉर्ट मार्गाची खुबी अशी की तो एकाच दिशेने फिरतो. ग्रँड फ्लोरिडियन हॉटेलातून मॅजिक किंगडम पुढचेच स्थानक आहे. परतताना मात्र कन्टेम्पररी, टीटीसी आणि पॉलिनेशियन करत यावे लागते. कन्टेम्पररीचे उलटे : मोनोरेल त्या हॉटेलच्या इमारतीच्या पोटातून जाते, फोटो झकास येतात, पण तिथून पार्कला मोनोरेलने जाणे म्हणजे अख्ख्या तळ्याला प्रदक्षिणा. पायी गेले तर दहा मिनिटे. ग्रँड फ्लोरिडियनहूनही २०२० पासून पायवाट झाली आहे. मोनोरेलच्या मोहाने याच हॉटेलांसाठी रात्रीला कितीतरी जास्त डॉलर मोजणाऱ्यांनी हा नकाशा आधी पाहायला हवा.

मोनोरेलच्या इतिहासात एक काळा दिवसही आहे. ५ जुलै २००९ च्या पहाटे मार्ग बदलणारी तुळई योग्य जागी सरकली नसताना एका गाडीला मागे येण्याची परवानगी मिळाली आणि ती टीटीसीजवळ उभ्या गाडीवर आदळली. २१ वर्षांचा चालक मरण पावला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशीत तुळईची स्थिती न तपासल्यावर आणि लेखी कार्यपद्धतीच्या अभावावर बोट ठेवले. त्यानंतर नियम कडक झाले आणि गाड्या स्वयंचलित करण्याचे काम हाती घेण्यात आले.

रोपवे : थांबत नाही म्हणूनच रांग पुढे सरकते?

सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेला स्कायलायनर हा इथला सर्वांत नवा आणि, या लेखकाच्या मते, सर्वांत हुशार पर्याय. एपकॉट, हॉलीवूड स्टुडिओज आणि चार-पाच हॉटेले त्याने जोडली आहेत. कॅरिबियन बीच हे मधले जंक्शन. तिथे उतरून मार्ग बदलायचा.

एका पाळण्यात दहा माणसे बसतात. दोरखंड ताशी सुमारे १८ किलोमीटर वेगाने सतत फिरत असतो. स्थानकात शिरताच पाळण्याची पकड दोरखंडापासून सुटते आणि तो रबरी चाकांवरून चालण्याच्या वेगाने पुढे सरकतो. माणसे चढली-उतरली की वेग घेऊन पुन्हा दोरखंडाला पकडतो. त्यामुळे एका स्थानकात कुणी हळू चढले तरी मार्गावरचे बाकी सगळे थांबत नाहीत. व्हीलचेअरसाठी तर पाळणा वेगळ्या फाट्यावर नेऊन पूर्ण थांबवता येतो. बस वीस मिनिटांनी एकदम चाळीस-पन्नास माणसे उचलते, पाळणे काही सेकंदांनी थोडी थोडी. रांग लांब दिसली तरी ती सरकत राहते. वेळापत्रक बघावे लागत नाही, यातच निम्मे सुख आहे.

दोन गोष्टी मात्र खटकतात. पाळण्यात वातानुकूलन नाही, फक्त खेळती हवा. दुपारी पाळणा अडकला तर घाम फुटतो. सुरू झाल्यावर आठवडाभरातच एका बिघाडाने काही प्रवासी तीनेक तास हवेत अडकले होते. दुसरे म्हणजे विजा. मध्य फ्लोरिडा हा अमेरिकेतील सर्वाधिक विजा पडणाऱ्या भागांपैकी एक. उन्हाळ्यात दुपारी ढग दाटले की रोपवे बंद होतो, बोटीही थांबतात आणि सगळी गर्दी बसवर येते. जून ते ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी दुपारचा पार्कबदल शक्यतो टाळावा तो याचसाठी.

बस सगळीकडे जाते, मग अडते कुठे?

खरा भार बसच वाहते. ॲनिमल किंगडमला तर बस किंवा गाडीशिवाय पर्यायच नाही. बस साधारण वीस मिनिटांनी येते, पार्क उघडण्याच्या पाऊण तास आधी सुरू होते आणि बंद झाल्यावर तासभर चालते. येणाऱ्या बसची वेळ डिस्नेच्या ॲपमध्ये दिसते.

गोम मार्गांच्या रचनेत आहे. सगळे मार्ग हॉटेल ते पार्क, पार्क ते पार्क किंवा हॉटेल ते डिस्ने स्प्रिंग्ज असे आहेत. एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात थेट बस नाही. ॲनिमल किंगडम लॉजमध्ये मुक्काम आहे आणि रात्रीचे जेवण ग्रँड फ्लोरिडियनला ठरवले आहे, तर आधी बसने मॅजिक किंगडम, तिथून मोनोरेल किंवा लहान बोट. ठाण्याहून पनवेलला जाताना आधी दादर गाठावे, तसे. अशा जेवणासाठी दीड तास हाताशी ठेवावा, किंवा सरळ टॅक्सी करावी.

डिस्ने स्प्रिंग्जहून पार्कला थेट बस का नाही, याचे उत्तर वाहनतळाच्या पाटीवर मिळते. पार्कला पार्किंगचे पैसे पडतात, स्प्रिंग्जला पार्किंग फुकट आहे. थेट बस ठेवली तर अर्धे ऑरलँडो तिथे गाडी लावून पार्कात जाईल.

कॅरिबियन बीच किंवा कोरोनाडो स्प्रिंग्जसारख्या पसरट हॉटेलांत बस आवारातच अनेक थांबे घेते. खोली कोणत्या थांब्याजवळ आहे, हे आरक्षण करतानाच विचारले तर रोजची पंधरा मिनिटे वाचतात.

एपकॉटचे दुसरे दार

एपकॉटला दोन प्रवेशद्वारे आहेत हे अनेकांना तिथे गेल्यावर कळते. मोनोरेल आणि बस पुढच्या दाराशी येतात. रोपवे आणि बोटी मागच्या, इंटरनॅशनल गेटवेच्या दाराशी. मागचे दार विविध देशांच्या दालनांत उघडते आणि ती दालने सहसा अकराच्या सुमारास सुरू होतात. सकाळी लवकर पोहोचून मोठ्या राइड गाठायच्या असतील तर पुढचे दार बरे. संध्याकाळी जेवायलाच जायचे असेल तर मागचे. याच दारातून हॉलीवूड स्टुडिओजला बोट जाते, रोपवे जातो आणि कालव्याकाठची पायवाटही आहे. अर्ध्या तासाची ही चाल ऊन उतरल्यावर छान होते. बोट वाटेतल्या हॉटेलांचे थांबे घेत जाते, त्यामुळे वेळ जवळपास तितकाच लागतो.

आजी-आजोबा आणि बाबागाडी सोबत असेल तर?

बसमध्ये बाबागाडी घडी घालूनच न्यावी लागते. झोपलेले मूल एका हातात आणि गाडी दुसऱ्या, ही कसरत रात्री दहाला नकोशी होते. मोनोरेल आणि फेरी बोटीत तशीच नेता येते, स्कायलायनरमध्ये बहुतेक गाड्या मावतात. लहान मूल सोबत असेल तर रोपवेच्या मार्गावरचे साधे हॉटेल बसच्या मार्गावरच्या महागड्या हॉटेलपेक्षा सोयीचे पडू शकते. पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ ॲनिमेशन ही स्वस्त गटातली दोन हॉटेले एकाच स्कायलायनर स्थानकावर आहेत.

ज्येष्ठांसाठी व्हीलचेअर घ्यायला संकोच करू नये. पार्कात दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणे सहज होते. घरी ‘आम्हाला काय धाड भरलीय’ म्हणणारे आजोबा तिसऱ्या दिवशी बाकावर बसून राहतात आणि मग त्यांच्यासोबत कुणीतरी एक थांबते.

रात्रीच्या आतषबाजीनंतर सगळे एकदम निघतात. टीटीसीला परतायचे असेल तर मोनोरेलची रांग पाहून फेरीकडे वळावे. एका बोटीत सुमारे ६०० माणसे मावतात. घाई नसेल तर दुकानांत अर्धा तास रेंगाळणे सर्वांत उत्तम.

वॉल्ट डिस्नेंना हेच हवे होते का?

नाही. १९६६ मध्ये, मृत्यूच्या काही आठवडे आधी केलेल्या चित्रफितीत वॉल्ट डिस्ने यांनी इथे २० हजार वस्तीचे शहर मांडले होते. लांबच्या प्रवासाला मोनोरेल, जवळच्या प्रवासाला न थांबणारे लहान डबे, गाड्या जमिनीखाली आणि वर फक्त माणसे. एपकॉट हे नाव त्या शहराचे होते. ते गेले आणि शहराचे पार्क झाले.

मात्र शहरासाठी मिळवलेले अधिकार राहिले. फ्लोरिडा सरकारने १९६७ मध्ये रिडी क्रीक नावाचा विशेष जिल्हा स्थापन केला. रस्ते, सांडपाणी, अग्निशमन, बांधकाम परवानग्या सगळे त्याच्याकडे आणि जिल्ह्यातली बहुतेक जमीन डिस्नेची. कंपनीला इतक्या सहजी मोनोरेलचे मार्ग टाकता आले, त्याचे एक कारण हे. राज्य सरकारशी झालेल्या संघर्षानंतर २०२३ मध्ये या जिल्ह्याचे नाव आणि मंडळ बदलले.

न थांबणाऱ्या डब्यांची कल्पना ‘पीपलमूव्हर’ या राइडमध्ये उरली आहे. १९७५ पासून ती मॅजिक किंगडममध्ये फिरते. डब्यांत इंजिन नाही. रुळांत बसवलेल्या लिनिअर इंडक्शन मोटर त्यांना ढकलतात. इंजिनीअरिंगला हे प्रकरण एका आकृतीवर उरकले जाते, इथे बसून ते दहा मिनिटे अनुभवता येते. हेच तंत्र डिस्नेने ह्यूस्टन विमानतळालाही विकले, तिथली गाडी १९८१ मध्ये सुरू झाली. दुसरा ग्राहक मात्र मिळाला नाही.

विमानतळावरून आत यायचे कसे?

आतली व्यवस्था कितीही चांगली असली तरी ती हद्दीपाशी संपते. ऑरलँडो विमानतळ सुमारे ३० किलोमीटरवर आहे. तिथून हॉटेलपर्यंत सामानासह मोफत नेणारी डिस्नेची बस २०२१ च्या अखेरीस बंद झाली. आता खासगी बस किंवा टॅक्सीचे पैसे खिशातूनच जातात. लिंक्स ही ऑरलँडोची सरकारी बस स्वस्त आहे, पण मोठ्या बॅगा आणि मुले घेऊन ती सोयीची नाही.

मायामीहून येणारी ब्राइटलाइन ही वेगवान रेल्वे सप्टेंबर २०२३ पासून ऑरलँडो विमानतळापर्यंत धावते. टाम्पाकडे जाणाऱ्या तिच्या पुढच्या टप्प्यात डिस्ने स्प्रिंग्जला स्थानक होणार होते. मार्ग बदलल्यावर २०२२ मध्ये डिस्नेने त्यातून अंग काढून घेतले. त्यामुळे मायामीत पाहुणचार घेऊन रेल्वेने डिस्नेला येण्याचा बेत असेल, तर विमानतळापासूनचे शेवटचे ३० किलोमीटर टॅक्सीच्या हिशेबात धरावेत.