दोन किल्ल्यांचे दार

जुलाब लागलेल्या पोराचे पाणी तोडायचे, असा समज माझ्या लहानपणी घरोघरी होता. पाणी दिले तर जुलाब वाढतात, असे मोठी माणसे सांगत. पोर मलूल होई, डोळे खोल जात, टाळू बसे. अशी कित्येक पोरे जुलाबाने नव्हे, अंगातले पाणी आटून जात, हे फार उशिरा कळले.

पण नुसते पाणी पाजूनही भागत नाही. त्याचे कारण आतड्यातल्या पेशींच्या पटलात आहे. हे पटल म्हणजे स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर. जाडी मिलिमीटरच्या दोन लाखाव्या भागाएवढी! प्राणवायू त्यातून बिनबोभाट आरपार जातो. मीठ-साखरेला मात्र हा तेलकट थर दाद देत नाही. त्यांच्यासाठी प्रथिनांची खास दारे असतात. त्यातले एक दार माझ्यासारख्या बँकेत उमर काढलेल्या माणसाला फारच ओळखीचे वाटते. लॉकर एका किल्लीने उघडत नाही. एक किल्ली खातेदाराची, दुसरी बँकेची. इथेही मिठातल्या सोडियमचे दोन कण आणि ग्लुकोजचा एक रेणू मिळून आले, तरच आत प्रवेश. ते आत गेले, की मागोमाग पाणी जाते. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्रागमध्ये ही जोडीची कल्पना मांडली.

पटकीचे विष पेशींना क्षार बाहेर ओतायला लावते, त्यांच्यामागून पाणी वाहत सुटते. गंमत अशी, की त्या धुमाकुळातही हे दोन किल्ल्यांचे दार शाबूत राहते.

१९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावला बांगलादेशी निर्वासितांत पटकी पसरली. सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून ते पिंपांत भरले आणि नातेवाइकांनाच पाजायला सांगितले. शंभरात तीसएक रोगी दगावत होते, ते प्रमाण चारच्या आत आले. महालनबीस २०२२ साली गेले. पद्मविभूषण २०२३ मध्ये, मरणोत्तर.

जलसंजीवनीची पुडी हाताशी नसेल, तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. पोराला आवडते म्हणून साखर वाढवू नये. जास्त गोड पाणी शरीरातलेच पाणी आतड्यात ओढून घेते.